आठवणींच्या पेटीची किल्ली

निवृत्तीनंतर वडिलांनी एक काम मोठ्या निगुतीने हाती घेतले होते. घरातील चार जाडजूड अल्बमांतील प्रत्येक फोटोचा मोबाइलवर फोटो काढून ठेवायचा. रत्नागिरीच्या दमट हवेत अल्बमांच्या पानांवर बुरशीचे ठिपके उमटले होते, काही कोपरे कसरीने खाल्ले होते आणि १९८० च्या आसपासचे रंगीत फोटो तांबूस पडत चालले होते. दोन पावसाळे खपून त्यांनी काम पुरे केले आणि अल्बम रद्दीत दिले. “आता सगळे मोबाइलमध्ये आहे, शिवाय वर ढगातही आहे,” असे ते येणाऱ्या-जाणाऱ्याला हसून सांगत.

ते अचानक गेले. मोबाइल उघडण्याची खूण घरात कोणालाच ठाऊक नव्हती. गेलेल्या माणसाच्या क्रमांकावर पैसे कशाला भरायचे, असा व्यवहारी विचार करून आम्ही रिचार्ज थांबविले. काही महिन्यांनी तो क्रमांक बंद झाला. पुढे आईला स्मृतिभ्रंशाचे निदान झाले. डॉक्टरांनी जुने फोटो दाखवीत तिच्याशी गप्पा माराव्यात असे सुचविले, तेव्हा आम्हाला त्या ‘ढगाची’ आठवण झाली. पासवर्ड ठाऊक नाही असे कळविताच खात्याने ओटीपी पाठविला, तो नेमका त्याच बंद पडलेल्या क्रमांकावर.

ते फोटो हरवले असे मला आजही म्हणवत नाही. ते कोठेतरी व्यवस्थित होते. तेथवर पोहोचण्याची वाट मात्र आम्ही आमच्याच हातांनी बुजविली होती.

वैयक्तिक फोटो क्लाउडवर ठेवावेत की नाही, असा प्रश्न अनेक ज्येष्ठ आणि त्यांची देखभाल करणारी मुले-सुना मला विचारतात. माझे उत्तर या अनुभवातून आले आहे. ठेवावेत, परंतु सगळे ठेवू नयेत, केवळ तेथेच ठेवू नयेत आणि किल्ली विश्वासू माणसाच्या हाती दिल्यावाचून तर मुळीच ठेवू नयेत.

क्लाउड म्हणजे काय?

नाव ढगाचे असले तरी ही वस्तू जमिनीवरच असते. मोठमोठ्या इमारतींत हजारो संगणक अहोरात्र चालू असतात. आपला मोबाइल इंटरनेटच्या मार्गाने फोटोची प्रत तेथे पाठवितो आणि कंपनी ती एकाहून अधिक ठिकाणी जपून ठेवते. अँड्रॉइड मोबाइलवर बहुधा गूगल फोटोज आणि आयफोनवर आयक्लाउड ही सेवा हे काम करते.

पुष्कळ जण याची तुलना बँकेच्या लॉकरशी करतात. ती अर्धीच खरी आहे. लॉकरमध्ये काय आहे हे बँक पाहत नाही. येथे मात्र कंपनीचे संगणक फोटो तपासून त्यांची वर्गवारी करतात. नातवाचे नाव टाकताच त्याचे सगळे फोटो समोर येतात, ते चेहरे ओळखण्याच्या या सोयीमुळेच. बहुतेक प्रचलित सेवांमध्ये, आपण मुद्दाम वेगळी व्यवस्था निवडली नसेल तर, कुलपाची एक किल्ली कंपनीकडेही असते. त्याने घाबरून जाण्याचे कारण नाही, परंतु हे ठाऊक असूनच निर्णय घ्यावा.

तो कशापासून वाचवितो

२६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. जुलै २०२१ मध्ये चिपळूण पाण्याखाली गेले. अशा पुरानंतर भांडी धुऊन घेता येतात, गादी नवी आणता येते. लग्नाचा अल्बम मात्र चिखलात चिकटून बसतो आणि पाने सोडवू जाता चेहरे निघून येतात. घरातील एकाच कपाटात अल्बम, हार्ड डिस्क आणि मोबाइल असले तर पाणी तिघांनाही एकदमच गाठते. घराबाहेर दूर कोठेतरी एक प्रत असणे हाच यावरचा उपाय, आणि क्लाउड तो सहज पुरवितो. मोबाइल बसमध्ये राहिला, चोरीस गेला किंवा बादलीत पडला, तरी फोटो राहतात.

कशापासून वाचवीत नाही

क्लाउड आपल्या स्वतःच्या बोटापासून वाचवीत नाही. मोबाइलमध्ये जागा उरली नाही असा संदेश येतो. आजोबा एकेक फोटो निवडून काढून टाकतात आणि समजतात की वर प्रत आहेच. प्रत्यक्षात बॅकअप चालू असताना फोटोंच्या अ‍ॅपमध्ये ‘डिलीट’ दाबले की मोबाइलमधील आणि क्लाउडवरील, दोन्ही प्रती जातात. मोबाइलमधील जागाच तेवढी मोकळी करायची असेल तर गूगल फोटोजमध्ये ‘फ्री अप स्पेस’ ही निराळी सोय आहे. चूक झालीच तर कचरापेटीत शोधावे. क्लाउडवर पोहोचलेला फोटो गूगल फोटोजच्या कचरापेटीत ६० दिवस आणि आयक्लाउडच्या कचरापेटीत साधारण ३० दिवस राहतो. स्मृतिभ्रंश असलेल्या व्यक्तीच्या हाती मोबाइल असेल, तर देखभाल करणाऱ्याने महिन्यातून एकदा ही पेटी उघडून पाहण्याची सवय लावून घ्यावी.

दुसरे असे की, कंपनीचे नियम कायमचे नसतात. गूगल फोटोज २०१५ मध्ये सुरू झाले तेव्हा किंचित आकार कमी केलेले फोटो हवे तितके फुकट ठेवता येत. १ जून २०२१ पासून ती सवलत संपली. शिवाय दोन वर्षे वापर नसलेली वैयक्तिक खाती, त्यांतील फोटोंसह, काढून टाकण्याचे धोरण गूगलने डिसेंबर २०२३ पासून लागू केले आहे. आपण खाते उघडून दिले आणि आईने ते कधी वापरलेच नाही, तर ‘सुरक्षित’ हा शब्द दोन वर्षांपुरताच खरा ठरतो.

जागेचा हिशेब

गूगल १५ जीबी जागा विनामूल्य देते, आयक्लाउड ५ जीबी. एक फोटो सरासरी ३ एमबीचा धरला तर १५ जीबीत सुमारे ५,००० फोटो मावतात. परंतु ही जागा फक्त फोटोंची नव्हे; जीमेलची पत्रे, ड्राइव्हमधील कागद आणि अँड्रॉइडवरील व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअपही तिच्यातच मोजला जातो. नातवाच्या स्नेहसंमेलनाच्या चार लांब चित्रफिती आणि दोन वर्षांचे ‘सुप्रभात’ संदेश यांनी ती केव्हा भरते ते कळतही नाही.

आणि ती भरली की एक गोष्ट घडते, जी आरोग्याच्या दृष्टीने मला सर्वांत महत्त्वाची वाटते. जीमेलवर नवी पत्रे येणे थांबते. रक्ततपासणीचा अहवाल, रुग्णालयाची वेळ, विम्याच्या नूतनीकरणाची सूचना यांपैकी काहीच पोहोचत नाही, आणि ते पोहोचले नाही हेही आपल्याला कळत नाही. म्हणून व्हॉट्सअ‍ॅपमधून येणारी चित्रे बॅकअपमधून वगळावीत, लांब चित्रफिती हार्ड डिस्कवर हलवाव्यात आणि गरज भासलीच तर थोडी जागा विकत घ्यावी. मात्र ते पैसे दर महिन्याला किंवा वर्षाला भरावे लागतात. ते कोणाच्या खात्यातून जातील आणि तो माणूस नसल्यास पुढे कोण भरील, हे त्याच वेळी ठरवावे.

‘आपली क्लाउडची जागा संपली आहे, आजच या दुव्यावर पैसे भरा, नाहीतर फोटो नष्ट होतील’ असे खोटे संदेशही येतात. अशा दुव्यावर बोट ठेवू नये. आपल्याच मोबाइलच्या सेटिंगमध्ये जाऊन जागा तपासावी. फसवणूक होऊन पैसे गेलेच, तर विलंब न करता १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर तक्रार नोंदवावी.

जे तेथे जाऊ नये

देखभाल करणाऱ्यांच्या मोबाइलमध्ये फोटोंचा एक वेगळा ढीग साचत जातो. पाठीवरील शय्याव्रण, पायाची जखम, लघवीच्या पिशवीचा रंग, डॉक्टरांना दाखविण्यासाठी काढलेली सूज. हे फोटो आवश्यक असतात. जखम भरते आहे की चिघळते आहे, हे दोन तारखांच्या फोटोंवरून डॉक्टरांना चटकन उमगते. परंतु बॅकअप चालू असला की तेही आपोआप वर जातात. घरातल्या सर्वांसाठी सामायिक अल्बम असेल, किंवा टीव्हीच्या पडद्यावर फोटो आपोआप सरकत असतील, तर दिवाळीला जमलेल्या पाहुण्यांसमोर आजोबांचे उघडे अंग झळकू शकते. अंथरुणाला खिळलेल्या माणसाजवळ जपण्यासारखे थोडेच उरलेले असते. त्याची लाज आपण राखली पाहिजे.

याला आणखी एक बाजू आहे. अमेरिकेत २०२१ मध्ये एका पित्याने आपल्या लहान मुलाच्या नाजूक जागेच्या सुजेचा फोटो डॉक्टरांसाठी काढला. तो क्लाउडवर जाताच संगणकीय तपासणीने त्याला आक्षेपार्ह ठरविले आणि कंपनीने त्याचे सगळे खाते बंद केले. पोलिसांनी त्याला निर्दोष ठरविले, तरीही कंपनीने खाते परत दिले नाही. वर्षानुवर्षांचे फोटो आणि पत्रव्यवहार एकाच कुलपामागे होता. तो सगळाच गेला. नातवंडे सांभाळणाऱ्या आजी-आजोबांनी हे ध्यानात ठेवावे. असा फोटो डॉक्टरांना पाठवायचाच असेल, तर आधी बॅकअप थांबवावा, आणि काम होताच फोटो मोबाइलमधून व कचरापेटीतून काढून टाकावा.

आधार, पॅन, धनादेश, एटीएम कार्ड आणि पासवर्ड लिहिलेल्या वहीचे पान यांचे फोटोही त्या ढिगात असू नयेत. एक खाते फुटले तर चोराला सगळे एकाच जागी सापडते. शासकीय कागदपत्रांसाठी डिजिलॉकर आहे, त्याचा उपयोग करावा.

निर्णय कोणाचा?

मुलगा पुण्याहून येतो, आईचा मोबाइल हाती घेतो, पाच मिनिटांत बॅकअप चालू करतो आणि जातो. हेतू चांगलाच असतो. परंतु ते फोटो आईचे आहेत. तिच्या मैत्रिणीचे, तिच्या आजारपणाचे, कदाचित कोणालाच न दाखविलेले. ते कोठे जावेत आणि कोणी पाहावेत, हे तिला विचारल्याशिवाय ठरवू नये. तिच्या शेजारी बसून साध्या भाषेत सांगावे, “याची एक प्रत दूरच्या संगणकावर राहील, मोबाइल हरवला तरी फोटो राहतील, मात्र ती कंपनी ते पाहू शकते. चालेल का?” ती ‘नको’ म्हणाली, तर त्या ‘नको’चा मान ठेवावा. मोजके फोटो असलेल्या माणसाने दोन हार्ड डिस्कवर प्रती करून एक स्वतःकडे व एक लेकीकडे ठेवली, तर तीही उत्तम सोय आहे.

स्मृतिभ्रंशाची सुरुवात असेल तर हे बोलणे लांबणीवर टाकू नये. आज त्या व्यक्तीला मत आहे आणि ते सांगण्याची शक्तीही आहे. पुढे ती शक्ती उरली नाही, तर आपल्या सोयीऐवजी तिच्या पूर्वीच्या स्वभावाचा विचार करून निर्णय घ्यावा. जी बाई आयुष्यभर स्वतःचा फोटो काढू देण्यास संकोचली, तिचे आजारपणातले फोटो साऱ्या कुटुंबाच्या सामायिक अल्बममध्ये टाकण्याचा अधिकार आपल्याला नाही.

किल्ली कोणाकडे?

आमची चूक येथे झाली, म्हणून येथे थोडे विस्ताराने सांगते.

एका कागदावर खात्याचा ई-मेल पत्ता, त्याला जोडलेला मोबाइल क्रमांक आणि मोबाइल उघडण्याची खूण लिहावी. तो कागद मृत्युपत्राच्या किंवा विम्याच्या कागदांसोबत ठेवावा आणि तो कोठे आहे हे निदान एका माणसाला सांगावे. पासवर्ड बदलला की कागदही बदलावा.

खात्याला दुहेरी पडताळणी असेल, तर गूगल दहा राखीव अंकसंच देते. मोबाइल हाताशी नसताना ओटीपीऐवजी ते चालतात. ते छापून त्याच पाकिटात ठेवावेत.

गूगलमध्ये ‘इनअ‍ॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजर’ नावाची सोय २०१३ पासून आहे. ३ ते १८ महिन्यांपैकी आपण निवडलेल्या मुदतीत खाते वापरले गेले नाही, तर आपण नेमलेल्या व्यक्तींना कळविले जाते आणि आपण ठरविलेला मजकूर त्यांना मिळतो. अशा दहापर्यंत व्यक्ती नेमता येतात. आयफोनवर डिसेंबर २०२१ पासून ‘लेगसी कॉन्टॅक्ट’ नेमता येतो. त्या व्यक्तीला आपण दिलेली सांकेतिक किल्ली आणि मृत्यूचा दाखला सादर करून खात्यातील फोटो मिळविता येतात. बँकेत आपण वारस नेमतो, तसेच हे आहे. भारतात २०२३ मध्ये संमत झालेल्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाच्या कायद्यातही, मृत्यू किंवा असमर्थता आल्यास आपल्या वतीने हक्क बजावणारी व्यक्ती नेमण्याची तरतूद आहे.

आणि घरात दुःखद प्रसंग घडलाच, तर त्या व्यक्तीचे सिम लगेच बंद पडू देऊ नये. बँक, विमा, निवृत्तिवेतन, ई-मेल आणि फोटो यांचे व्यवहार मिटेपर्यंत ते चालू ठेवावे. ते थोडे पैसे वाया जात नाहीत.

तीन प्रती आणि मागची नावे

अमेरिकन छायाचित्रकार पीटर क्रोघ यांनी रूढ केलेला एक नियम घरगुती फोटोंनाही चपखल लागू पडतो. तीन प्रती असाव्यात, त्या दोन निरनिराळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि त्यांपैकी एक घराबाहेर असावी. एक प्रत मोबाइलमध्ये, एक हार्ड डिस्कवर आणि एक क्लाउडवर, अशी ही मांडणी सोपी आहे. हार्ड डिस्क वर्षातून एक-दोनदा जोडून पाहावी. पेनड्राइव्हवर दीर्घकाळ विसंबू नये. आणि मूळ अल्बम रद्दीत देऊ नये. खराब पाने वेगळी करून, कोरड्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावीत.

यांखेरीज वीस-पंचवीस फोटो निवडून कागदावर मोठे छापून घ्यावेत. वृद्धांनी गतकाळ आठवणे हे निरर्थक रेंगाळणे नसून आयुष्याचा अर्थ लावण्याचा प्रयत्न असतो, असे मानसोपचारतज्ज्ञ रॉबर्ट बटलर यांनी १९६३ मध्ये मांडले. तेव्हापासून स्मरणरंजनाचा उपयोग वृद्धसेवेत होत आला आहे. त्याने स्मृतिभ्रंश बरा होत नाही आणि लाभही सर्वांना सारखा होत नाही, परंतु पुष्कळदा संध्याकाळची अस्वस्थता उतरते आणि संवादाला धागा मिळतो. तेव्हा “ओळख पाहू, हे कोण?” अशी परीक्षा घेऊ नये. उत्तर आले नाही की माणूस खजील होतो. “हा तुझा दादा, सोलापूरच्या अंगणात,” असे आपणच सांगावे आणि थांबावे.

यासाठी नावे ठाऊक असली पाहिजेत, आणि ती कोणताही संगणक सांगणार नाही. चेहरे तो जुळवील. परंतु डावीकडून तिसरी बाई आत्या की शेजारीण, हे सांगणारे माणूस घरात आहे तोवरच लिहून घ्यावे. कागदी फोटोच्या मागे मऊ पेन्सिलीने लिहावे, बॉलपेनने नव्हे. त्याची शाई आणि दाब पुढच्या बाजूस उमटतो. मोबाइलमधील फोटोखाली टिपणाची जागा असते, तेथे नाव, गाव आणि साल लिहावे.

या पंधरवड्यात

वाचकहो, हे सारे एकाच दिवशी करण्याची गरज नाही. पहिल्या दिवशी घरातील ज्येष्ठाशी बोलून त्याची इच्छा विचारा. दुसऱ्या दिवशी किती जागा भरली आहे ते पाहा. एखाद्या रविवारी आजारपणाचे आणि ओळखपत्रांचे फोटो वेगळे काढा. मग वारस नेमा आणि किल्लीचा कागद लिहा. उरलेल्या संध्याकाळी रोज पाच फोटो घेऊन नावे लिहीत बसा. हे शेवटचे काम सर्वांत वेळखाऊ आहे, आणि त्याचीच दोघांना सर्वाधिक गोडी लागते असा माझा अनुभव आहे.

आमच्या आईसाठी अखेर नागपूरच्या मामेभावाच्या पेटीत अकरा फोटो निघाले. वडिलांनीच कधीकाळी पाठविलेले. प्रत्येकामागे त्यांच्या अक्षरात पेन्सिलीने नावे होती आणि खाली लिहिले होते, ‘सोलापूर, १९७४’. आम्ही ते मोठे छापून घेतले, हार्ड डिस्कवर ठेवले, आईला विचारून क्लाउडवरही चढविले आणि त्या खात्याचा वारस म्हणून माझ्या भाचीला नेमले. आई आता स्वतःचा चेहरा ओळखत नाही. परंतु अंगणातल्या त्या फोटोवर बोट ठेवून ती रोज एकदा विचारते, “दादा जेवला का?” आम्ही ‘हो’ म्हणतो, आणि मग तीही जेवते.